फळझाड, मधमाशी आणि परसबाग : येरवडा परिसराच्या आधारे एक ऐतिहासिक विवेचन

१

पुण्याच्या ईशान्येस, मुळा-मुठेच्या पलीकडच्या तीरावर वसलेल्या येरवडा गावाचे नाव आधुनिक भारताच्या इतिहासात मुख्यत्वे तेथील मध्यवर्ती कारागृहामुळे रूढ झाले आहे. १९३२ च्या सप्टेंबर महिन्यात या कारागृहाच्या आवारातील एका आंब्याच्या झाडाखाली महात्मा गांधींची खाट टाकलेली होती. त्याच झाडाच्या सावलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर नेते यांच्याशी वाटाघाटी झाल्या आणि २४ सप्टेंबर रोजी पुणे करार सिद्ध झाला. दोन दिवसांनी, २६ सप्टेंबरला, संत्र्याच्या रसाने उपोषणाची सांगता झाली. त्याच वर्षी मार्चपासून गांधीजींच्या सहवासात असलेल्या महादेवभाई देसाई यांनी कारागृहातील दिनक्रमाची रोजनिशी ठेवली होती. गांधीजींचे पहाटेचे पेय म्हणजे मध आणि लिंबू घातलेले गरम पाणी होते, हे तीवरून समजते.

आंब्याचे झाड, लिंबू, संत्रे आणि मध या चारही वस्तू येरवड्याच्या या इतिहासप्रसिद्ध प्रसंगात उपस्थित आहेत. परंतु त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. राजकीय इतिहासाने त्याकडे लक्ष द्यावे अशी अपेक्षाही करता येणार नाही. कृषीच्या व ग्रामीण उद्योगांच्या इतिहासाने मात्र हा प्रश्न विचारावयास हवा होता. त्या इतिहासातही फळझाड आणि मधमाशी यांची प्रकरणे निरनिराळी लिहिली गेली आहेत. फळझाडाचे प्रकरण उद्यानविद्येत मोडते, मधमाशीचे ग्रामोद्योगात. वस्तुतः एकाच फुलापाशी या दोहोंची गाठ पडते. असे असता त्यांचे इतिहास वेगळे का पडले, ते कोठे व केव्हा एकत्र आले, आणि घराभोवतीच्या लहानशा बागेला या संदर्भात काय महत्त्व आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम स्थलाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येरवडा हे नदीकाठचे एक सामान्य खेडे होते. १८५० मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने नदीवर बंधारा पूर्ण झाला आणि त्यालगत पुढे बंडगार्डन हे उद्यान उभे राहिले. १८६९ मध्ये फिट्झजेराल्ड पूल बांधून झाल्यावर पलीकडचा तीर छावणीशी कायमचा जोडला गेला. त्याच सुमारास, १८६८ मध्ये, डेक्कन कॉलेजची नवी इमारत येरवड्याच्या बाजूस उभी राहिली. १८७१ च्या सुमारास कारागृह बांधून पूर्ण झाले. १८९२ मध्ये आगाखान पॅलेस उभारण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनोरुग्णालयही येथेच आले. अशा रीतीने अवघ्या अर्धशतकात एका खेड्याच्या शिवारात मोठमोठी, भिंतींनी बंदिस्त केलेली आवारे निर्माण झाली. शेतजमीन संपली, पण झाडे सर्वस्वी गेली नाहीत. आंबा, चिंच, कडुनिंब, जांभूळ यांसारखी झाडे आवारांच्या आश्रयाने टिकली.

येरवड्याच्या बागाईताला एक नैसर्गिक मर्यादाही होती. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीच्या बाजूस गेले व तेथे मळे फुलले. नदीच्या उत्तर तीरावर असलेल्या येरवड्याला त्या पाण्याचा लाभ नव्हता. येथील फळझाडांची भिस्त विहिरीवर, मोटेवर आणि घरातील सांडपाण्यावर होती. विस्तीर्ण फळबाग उभी राहण्याजोगी ही परिस्थिती नव्हे. परंतु परसदारी दोन पेरू, एक लिंबू, एक शेवगा व न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळ एवढ्यांना ती पुरेशी होती. परसबाग ही येथे हौस म्हणून आलेली नसून पाण्याच्या हिशेबातून आलेली आहे.

ही परंपरा केवढी जुनी आहे याचे दिग्दर्शन येरवड्यातीलच एका संस्थेच्या संशोधनातून घडते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्यांबरोबर बोराच्या आठळ्याही मिळाल्या. दख्खनच्या पठारावरील आद्य शेतकऱ्याच्या घरात फळ होते, हे एवढ्यावरून निश्चित म्हणता येते. मात्र आठळी जळून कोळसा झाली म्हणजे ती हजारो वर्षे टिकते, तर मध व मेण यांचा मागमूस सहसा राहत नाही. फळाला पुरावा मागे ठेवण्याची जी शक्ती आहे ती मधाला नाही; आणि दोहोंच्या इतिहासांतील असमतोलाचा आरंभ येथूनच होतो.

३

या असमतोलाचे दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण स्वामित्वाच्या कल्पनेत आहे. मराठेशाहीतील इनामपत्रांत जमिनीबरोबर कोणकोणत्या गोष्टी दिल्या हे सांगताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी ठरीव मोजदाद येते. तरू म्हणजे झाड. ते जमिनीबरोबर मालकाकडे जाते. या यादीत मधमाशीला स्थान नाही, आणि असणे शक्यही नव्हते. झाड जागचे हलत नाही, म्हणून ते कुणाचे तरी असू शकते. माशी उडते. ती ज्या फुलावर बसते ते एकाचे, ज्या ढोलीत राहते ती दुसऱ्याची, आणि पोळे उतरवणारा बहुधा तिसराच असतो.

हा प्रश्न केवळ येथलाच नव्हे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिसंग्रहात मधमाशी ही स्वभावतः वन्य मानलेली आहे. पेटीतून निघालेला थवा मालकाच्या दृष्टीस पडत असेल व त्याचा पाठलाग दुष्कर नसेल तोपर्यंतच तो त्याचा. त्यानंतर जो धरील त्याचा. ब्रिटिश काळातील भारतीय वनकायद्याने मध व मेण यांची गणना वनातून मिळणाऱ्या उत्पन्नात केली. १९२७ च्या कायद्यात ती तशीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने हेच मध व मेण गौण वनोपज म्हणून वननिवासी समाजांच्या हक्कात आणले. या सर्व विधिव्यवहारात मध वनाचा आहे. बागेचा मध ही कल्पना त्यात कोठेच येत नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व कोकणात आग्या माशीची पोळी उतरवण्याचे कौशल्य प्रामुख्याने आदिवासी व डोंगरी समाजांकडे होते. धूर करून माशी उठवायची, पोळे कापायचे आणि पिळून मध काढायचा, ही पद्धत. तिच्यात अंडी व अळ्याही चिरडल्या जात आणि वसाहत उद्ध्वस्त होई. फळझाड लावणारा मनुष्य आणि मध काढणारा मनुष्य हे सामाजिक दृष्ट्या निराळ्या स्तरांवरचे होते. एकाजवळ जमीन होती, दुसऱ्याजवळ नव्हती. दोन विद्यांचा संबंध न येण्यास हे अंतर बव्हंशी कारणीभूत झाले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

४

फळझाडांच्या आधुनिक अभ्यासाचे पुणे हे एक आद्य केंद्र होय. १८७३ मध्ये गणेशखिंड येथे वनस्पतिउद्यान स्थापन झाले. त्याचे अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो यांनी भारतातील उद्यानविद्येवर ग्रंथरचना केली. आंब्याची लागवड व त्याच्या जाती यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर डब्ल्यू. बर्न्स व एस. एच. प्रयाग या दोघांनी आंब्याच्या मोहोराचा तपशीलवार अभ्यास केला. आंब्याच्या एकाच तुऱ्यात नर फुले व उभयलिंगी फुले असतात; उभयलिंगी फुलांतूनच फळ धरते, आणि तेही त्यांपैकी फार थोड्यांतून. १९११ मध्ये या दोघांनी पुण्यास आंब्याचा संकर करण्याचा प्रयोग आरंभिला. भारतातील आंब्याच्या संकराचा हा पहिला शास्त्रीय प्रयत्न समजला जातो.

या प्रयोगाचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. एका झाडाचे पराग घेऊन ते दुसऱ्याच्या फुलात हाताने नेऊन ठेवावयाचे, म्हणजे कीटक जे काम सहजगत्या करतो ते माणसाने हेतुपूर्वक करावयाचे. पुण्याचा शास्त्रज्ञ १९११ मध्ये कीटकाची भूमिका स्वतः वठवीत होता. नेमक्या त्याच वर्षाच्या सुमारास तिरुचिरापल्ली येथे फादर न्यूटन हे जेझुइट धर्मगुरू देशी माशीला पेटीत राहावयास शिकवीत होते. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ याने हलत्या चौकटींची पेटी शोधून काढली होती. दोन पोळ्यांमध्ये ठरावीक अंतर ठेवले की माशी ती जागा मेणाने बुजवीत नाही, हे त्याच्या शोधाचे सार. भारतात १८८२ मध्ये बंगालात आणि पुढे १८८३-८४ मध्ये पंजाबात ही पद्धत आणण्याचे प्रयत्न झाले, पण ते तडीस गेले नाहीत. देशी माशी आकाराने लहान, तिची वसाहतही लहान. म्हणून न्यूटन यांनी तिच्या बेताची छोटी पेटी बनवली व १९१७ पर्यंत अनेकांना ही विद्या शिकवली. १९१५ मध्ये पुसा येथील सी. सी. घोष यांची मधमाशीपालनावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुण्यातील संकराचा प्रयोग, तिरुचिरापल्लीतील पेटी आणि पुशातील पुस्तिका या तीन गोष्टी एकाच दशकातल्या. तथापि पुण्याच्या फळसंशोधनात पेटीचा प्रवेश त्या वेळी झाला नाही.

यावरून पुण्याच्या संशोधनाला कीटकांचा उपयोग झाला नाही, असे मात्र समजू नये. जी. एस. चीमा यांच्या काळात गणेशखिंडीच्या केंद्राने केलेली दोन निवडकार्ये सर्वश्रुत आहेत. १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदा या पेरूच्या रोपांतून निवडलेले ‘लखनौ-४९’ हे वाण पुढे ‘सरदार’ या नावाने देशभर गेले. १९३६ मध्ये आळंदी या डाळिंबाच्या रोपांतून निवडलेले वाण १९७० मध्ये ‘गणेश’ या नावाने प्रसिद्ध झाले व महाराष्ट्रातील डाळिंबलागवडीचा तो दीर्घकाळ पाया ठरला. ही दोन्ही वाणे कलमाने वाढवलेल्या झाडांची नसून बियांपासून उगवलेल्या रोपांतून वेचलेली आहेत. ज्या फुलांतून त्या बिया झाल्या त्यांचे परागण खुल्या हवेत झाले होते. पेरू व डाळिंब या दोहोंत स्वपरागण होते तसे परपरागणही होते, आणि परपरागणाचे काम मुख्यत्वे मधमाश्या व त्यांच्या जातीचे कीटक करतात. शास्त्रज्ञाने निवड केली. परंतु निवडीला लागणारे वैविध्य निर्माण करण्यात कीटकांचा वाटा होता, आणि त्या वाट्याची नोंद वाणाच्या वंशावळीत कोठेही होत नाही.

हीच गोष्ट परसातल्या रायवळ आंब्याला अधिक स्पष्टपणे लागू पडते. हापूसचे प्रत्येक कलम दुसऱ्या हापूससारखे असते, कारण ते मूळ झाडाचाच तुकडा होय. रायवळ मात्र कोयीपासून वाढतो, म्हणून दर झाडाची चव, रंग, धागा व हंगाम वेगळा. खोबऱ्या, शेंदऱ्या, गोटी अशी नावे लोकांनी झाडपरत्वे दिली ती यामुळेच. कुठल्या फुलाचे पराग कुठल्या फुलात पडले याची ती एक प्रकारची जिवंत नोंदवही आहे.

५

मधमाशीचा प्रवेश महाराष्ट्रात निराळ्या द्वाराने झाला. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने मधमाशीपालनाचा जोडधंदा म्हणून पुरस्कार केला होता. परंतु त्या शिफारशीला चळवळीचे बळ गांधीजींमुळे मिळाले. १९३४ च्या डिसेंबरात वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद यांच्या जोडीने मधमाशीपालन हाही संघाच्या कार्यक्रमाचा भाग होता. येरवड्याची सुटका व या संघाची स्थापना यांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे. कारागृहातील मधाच्या प्याल्यातून ग्रामोद्योग निघाला, असा सोपा कार्यकारणभाव जोडणे अनैतिहासिक ठरेल. आहाराचे प्रयोग व ग्रामोद्योगाचा विचार हे दोन्ही गांधीजींच्या मनात त्यापूर्वीपासून होते. तथापि आहारात मध व फळ यांना जे स्थान त्यांनी दिले त्याचा पाठपुरावा पुन्हा येरवड्यातच झाला, हे नमूद केले पाहिजे. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ ही पुस्तिका लिहिली. तिच्यात ज्या त्या प्रदेशातील हंगामी फळे खाण्यावर भर आहे. दूरची व महागडी फळे आरोग्याला अवश्य नाहीत. आपल्या भोवती जे पिकते ते पुरे, हा त्यातील आशय परसबागेच्या तत्त्वाशी जुळणारा आहे.

ग्रामोद्योगाच्या दृष्टीने मधमाशीचे विशेष आकर्षण असे की, तिला जमीन लागत नाही. ज्याच्याजवळ वीतभर शेत नाही असा मनुष्यही झोपडीच्या आडोशाला पेटी ठेवू शकतो आणि भोवतालच्या सर्व शेतांतील व वनांतील फुलांचे उत्पन्न गोळा करू शकतो. त्यात फुलाच्या मालकाचे काही घटत नाही. उलट त्याचे फळ वाढण्याचा संभव असतो. दुसऱ्याचे काहीही न हिरावता भूमिहीनाला उत्पन्न देणारा असा उद्योग क्वचितच आढळेल.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, मुंबई प्रांतात ग्रामोद्योगांसाठी शासकीय यंत्रणा उभी राहिली व महाबळेश्वर हे मधमाशीपालनाचे केंद्र म्हणून विकसित होऊ लागले. वैकुंठभाई मेहता यांनी मंत्री या नात्याने, आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आल्यावर त्याचे धुरीण या नात्याने, या कार्याचा पुरस्कार केला. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा ही मधुवनस्पतींची संपत्ती मुबलक होती, आणि अनेक वर्षांनी एकदा फुलणारी कारवी फुलली की पेट्या मधाने भरून जात. येथील सातेरी माशी पेटीत नांदू लागली. परंतु हे सर्व वनाच्या आश्रयाने घडले. मध पुन्हा वनाचाच राहिला. पठारावरील बागेशी त्याचा संबंध आला नाही.

६

हा संबंध जुळण्याचा योग १९६२ मध्ये आला. त्या वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था पुण्यात स्थापन केली. डॉ. जी. बी. देवडीकर यांच्यासारखा वनस्पतींच्या पेशीविज्ञानाचा अभ्यासक तिच्या कार्यात अग्रणी होता, ही बाब अर्थपूर्ण आहे. वनस्पतिशास्त्रातून आलेल्या दृष्टीला मधमाशी केवळ मध देणारा कीटक म्हणून दिसत नाही. ती परागवाहक म्हणून दिसते. देवडीकर व सूर्यनारायण यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात परागणाच्या द्वारे शेतीचे उत्पन्न वाढवण्याचा विचार विस्ताराने मांडला. मध हे माशीचे लहान देणे, आणि फळधारणा व बीजधारणा हे मोठे देणे, ही भूमिका पुण्यात अशी दृढ झाली. गणेशखिंडीचे उद्यान व मधमाशीची ही संस्था एकाच नगरात, एकाच रस्त्याच्या परिसरात आल्या. पहिल्या संस्थेच्या स्थापनेपासून हे घडावयास ८९ वर्षे लागली.

योगायोग असा की, त्याच १९६२ मध्ये तत्कालीन पंजाबातील नगरोटा येथे युरोपीय मेलीफेरा माशी यशस्वीपणे स्थिरावली. तिची वसाहत मोठी, मध अधिक. त्यामुळे उत्तरेकडे व्यापारी मधमाशीपालन तिच्याकडे झुकले. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात विषाणुजन्य थैलीरोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या व मेलीफेराचे आकर्षण वाढले. परंतु मेलीफेराला भरपूर व सलग फुलोरा लागतो. तो नसेल तर पेट्या गाडीत घालून मैलोगणती हलवाव्या लागतात. सातेरीचे संचारक्षेत्र साधारण एक किलोमीटरच्या आसपास असते, विखुरलेल्या थोड्या थोड्या फुलांवर ती निर्वाह करते व जागेवर टिकून राहते. परसबागेची माशी कोणती, या प्रश्नाचे उत्तर या तुलनेतच आहे.

७

येथे एका प्रचलित समजुतीची तपासणी आवश्यक आहे. घराभोवती फळझाडे लावून एक मधपेटी ठेवली की सर्व फळे वाढतात, असे सरसकट सांगितले जाते. पुण्याकडील परसबागेतील झाडे एकेक घेऊन पाहिल्यास चित्र निराळे दिसते. पुणे अंजिराला फळ धरण्यास परागणाची गरजच नाही. केळीचीही गोष्ट तीच. सीताफळाच्या फुलात पराग नेण्याचे काम बारीक भुंगेरे करतात, तर आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा निरनिराळ्या माशांचा वावर अधिक असतो. कागदी लिंबू बहुतांशी स्वतःच्या परागावर फळते. म्हणजे परसातील अर्ध्याअधिक फळांचे मधमाशीवाचून फारसे अडत नाही. पुण्यातील उद्यानविद्येला इतकी वर्षे मधपेटीची उणीव भासली नाही, याचे वनस्पतिशास्त्रीय कारण हे होय.

याउलट पेरू, डाळिंब, बोर, आवळा, तसेच भोपळा, दोडका, कारले यांचे वेल यांना परागवाहकांचा लाभ निश्चित होतो. आवळ्याचे एकटे झाड पुष्कळदा फुलते पण फळत नाही. त्याला जवळ दुसरे झाड हवे आणि दोहोंत ये-जा करणारा कीटक हवा. लिंबाचे मधमाशीवाचून चालते, परंतु मधमाशीचे लिंबावाचून चालणे कठीण. त्याच्या फुलोऱ्यावर ती झुंबड करते. चिंच, कडुनिंब, करंज, जांभूळ ही आवारातील मोठी झाडे तिचा खरा आधार. तेव्हा परसबाग व मधमाशी यांचे नाते एकतर्फी उपकाराचे नाही. काही झाडे माशीला पोसतात, काहींना माशी फळवते, आणि काही या व्यवहाराबाहेर राहतात. हे तिन्ही प्रकार एकत्र असतात म्हणूनच ती बाग माशीला राहण्याजोगी होते.

बहाराच्या पद्धतीचा विचार केल्यास हा मुद्दा अधिक उलगडतो. पेरू, डाळिंब व लिंबू या झाडांना दख्खनच्या हवेत वर्षातून तीनदा फुले येऊ शकतात : जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार, जून-जुलैत मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. व्यापारी बागाईतदार पाणी तोडून, मुळ्या उघड्या करून झाडाला ताण देतो आणि तिहींपैकी एकच बहार धरतो. त्यामुळे माल एकदम येतो व भाव मिळतो. ही पद्धत कुशल व जुनी आहे. परंतु मधमाशीच्या बाजूने पाहता ताण म्हणजे दोन ऋतूंचा उपवास होय. परसबागेत असा ताण कोणी देत नाही. न्हाणीचे पाणी बारमाही पडत राहते आणि लिंबू तिन्ही बहारांत थोडे थोडे फुलते. उद्यानविद्येच्या काटेकोर मापाने ही बाग अव्यवस्थित ठरेल; पण माशीच्या निर्वाहाला पठारावर सर्वांत उपयुक्त ठरणारे गुण नेमके त्या अव्यवस्थेतच आहेत. औषधांच्या फवाऱ्यांपासूनही ती पुष्कळ अंशी मुक्त असते. व्यापारी फळबागेत जे दोन इतिहास एकमेकांना भेटले नाहीत ते परसबागेत नकळत एकत्र नांदत आले आहेत.

८

येरवड्याच्या परिसरात या गोष्टीला आज तातडीचे महत्त्व आहे. गेल्या काही दशकांत येथे उंच इमारतींची वस्ती झपाट्याने वाढली. दुसऱ्या बाजूस दाट वस्तीच्या वसाहतींत परस म्हणून जागाच उरलेली नाही. उरली ती भिंतींआडची जुनी आवारे. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने शहरातील झाडाला संरक्षण दिले. २०२० मध्ये गणेशखिंडीचे उद्यान जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मधाचे गाव म्हणून जाहीर करण्यात आले. तिन्ही उपाय स्तुत्य आहेत. तथापि जुनीच विभागणी त्यांतही दिसते : झाडाला एक कायदा, उद्यानाला एक घोषणा, मधाला डोंगरातले एक गाव. झाड तोडावयाचे तर परवानगी लागते. त्याच्या ढोलीतील सातेरीची वसाहत काढून टाकावयाची तर तसा विधी नाही. इनामपत्रातील यादीत तरू होता आणि माशी नव्हती. आजच्या नागरी कायद्याची यादीही या बाबतीत त्याहून फारशी वेगळी नाही.

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, फळझाड व मधमाशी यांचे इतिहास वेगळे पडले ते निसर्गामुळे नव्हे. जमिनीची मालकी, वनाचा कायदा आणि शासनाची खाती यांनी ते वेगळे केले. दुसरा असा की, पुण्यातील फळसंशोधनाच्या यशात परागवाहक कीटकांचा हिस्सा आहे व वाणांच्या इतिहासात तो मांडला जाणे न्यायाचे होईल. तिसरा असा की, परसबाग ही मोठ्या बागेची लहान व अपुरी आवृत्ती नव्हे; तिची पाण्याची, फुलोऱ्याची व मालकीची रीत स्वतंत्र आहे आणि म्हणून ती स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे.

या अभ्यासाला दूर जाण्याची गरज नाही. येरवड्यातील आवारांतून उभ्या असलेल्या जुन्या झाडांची जातवार यादी, त्यांच्या फुलण्याचे महिने, त्यांच्यावर येणाऱ्या माश्यांची नावे आणि ढोलीतील सातेरीच्या वसाहतींची गणना एवढे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका वर्षाच्या परिश्रमात होण्यासारखे आहे. पुरातत्त्वज्ञाला तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या बोराच्या आठळीवरून त्या काळचा आहार सांगता येतो. पण त्या बोराच्या फुलावर कोणती माशी बसली हे त्याला कधीच सांगता येणार नाही. आजच्या झाडांच्या बाबतीत ती उणीव भरून काढणे अद्याप हाती आहे. कारागृहातील आंब्याच्या सावलीत काय घडले याची नोंद इतिहासाने तपशिलाने ठेवली. त्या झाडाच्या मोहोरात जे घडत होते तेही आता नोंदीस पात्र ठरावे.